शंभरावं रोप

९ नोव्हेंबर १९८३
सकाळी साडेसातलाच कॉलेजात गेलो. शिपाईही आला नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या खोलीतलं संग्रहाचं कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास. तिसऱ्या खणातून आमरीची, म्हणजे रानातल्या ऑर्किडची, वाळवलेली शीट काढली, खिडकीपाशी नेली, पाहिली, परत ठेवली. कुलूप लावलं. एवढंच केलं आणि घाम आला.
विसाला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. प्राचार्यांचा निरोप: ती शीट काचेच्या पेटीत मांडायची, कॉलेजचा मान म्हणून. मांडायची मीच. मी इथला डेमॉन्स्ट्रेटर, किल्ल्या माझ्याकडे.
शीटवरच्या चिठ्ठीत माझंच अक्षर. संकलक: त्र्यंबक ना. डेर्ले.
ते रोप मी शोधलेलं नाही. माझ्या वर्गातल्या देवरेनं शोधलं.

११ नोव्हेंबर
एकदा लिहून ठेवतो. सव्वीस वर्षांत कागदावर उतरवलं नाही.
बीएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रत्येकानं शंभर रोपं गोळा करून, दाबून, वाळवून, शीटवर टाके घालून द्यायची. सोमण सरांचा नियम: ज्याच्या हातानं उपटलं त्याचंच नाव. माझी नव्व्याण्णव झालेली आणि दुसऱ्या दिवशी द्यायची. देवरेची केव्हाच शंभरावर गेलेली. कळवणचा, डोंगरात वाढलेला. आम्हाला वाकून दिसायचं नाही ते त्याला चालता चालता दिसायचं. त्यानं आपल्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक बारकीशी वाळलेली आमरी काढली, माझ्यापुढे ठेवली. "घे. झाले शंभर. आता रडू नको."
असं सगळेच करत. शंभरावं रोप मित्राचं, असं होस्टेलात म्हणायचेच. तोवर मोठं काही बिघडलं नव्हतं.
आठवड्यानं सर ती शीट हातात धरून वर्गात आले. त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या डोंगरांत ती आमरी ते कित्येक वर्षं शोधत होते. "डेर्ले, उभा राहा. सायखेड्याच्या शाळेतला मुलगा. याला म्हणतात नजर." उभा राहिलो. बोललो नाही. देवरे शेजारच्या बाकावर. त्यानं बाकाखालून माझा गुडघा दाबला, शाबास म्हणतात तसा.
त्याच उन्हाळ्यात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली. एकच. अर्ज दोघांचे. सरांनी माझं नाव सुचवलं. देवरे गावाकडे जाऊन शाळामास्तर झाला.

१५ नोव्हेंबर
देवरेचं कार्ड. शनिवारी येतो, तुझ्याकडेच उतरतो, वहिनींना म्हणावं भाकरीच करा.
पूजा झाल्यावर उठवेना. सौ.नं विचारलं काय झालं. सांगितलं तिला, पहिल्यांदाच. ती निरांजन पुसत होती. सगळं ऐकून घेतलं.
"रोज देवापुढे बसून हेच सांगता?"
"हो."
"त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."
निरांजन जागेवर ठेवलं आणि आत गेली.

१९ नोव्हेंबर
देवरे दुपारच्या एसटीनं आला. केस सगळे पांढरे, चाल तीच. दारातूनच अहिराणीत, "कसा शे भो?" पिशवीत बाजरी, आणि एक जाडजूड वही. शाळेतल्या पोरांनी गोळा केलेली पानं, चिकटवलेली. प्रत्येक पानाखाली पोराचं नाव. एका पानाखाली दोन नावं. दुसरं कुणाचं विचारलं.
"मोळीवाल्या बाईचं. पोरानं आणलं, पण दाखवलं तिनं. सरांचा नियम मी जरा वाढवला."
चौथीतल्या पोरांना झाडांची कुळं येतात म्हणे. शिकवतोस कसं, विचारलं. म्हणाला, मी शिकवत नाही, त्यांच्या मागनं चालतो.
मला जागा मिळाली नसती तर हा इथं असता. आणि कॉलेजला केवढा शिक्षक मिळाला असता. हे मनात घेऊन त्याला भाकरी वाढली.

२० नोव्हेंबर
मेळावा. पहाटे गंगेवर जाऊन आलो. रामकुंडावर ठरवलं, आज सांगायचंच.
पन्नास-साठ जण. पोटं सुटलेली, बोलणी जुनीच. पगारे फिजिक्सचा, आता एकलहऱ्याला वीजकेंद्रात इंजिनीअर. आल्या आल्या सुरू: "या गवतवाले. आम्ही वीज काढतो, तुम्ही अजून पाला वाळवता?"
देवरे शांतपणे, "तुमच्या भट्टीत कोळसा घालता ना? तो आमचाच पाला. जरा जुना."
सगळे हसले, पगारे सगळ्यांत जास्त. मग तोच म्हणाला, फिजिक्सचा असूनही तो एकदा सोमण सरांच्या सहलीला आला होता. सरांनी डोंगराच्या माथ्यावर चपला काढून हातात घेतल्या. पायाखाली काय उगवलंय ते अजून बघितलं नाही, म्हणाले. पगारे म्हणाला, "मी ते अजून विसरलो नाही. मशीनवर चढताना आठवतं."
सर आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जाड भिंगाचा चष्मा. शीटसमोर उभे राहून त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली. माझं नाव, सायखेड्याचं नाव. टाळ्या. देवरेच्या सगळ्यांत मोठ्या.
मला बोलायला उठवलं. सरांच्या शिस्तीबद्दल बोललो. त्यांनी शिकवलेलं एक वाक्य सांगितलं: संग्रहातली जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही, चूक सापडली तर शेजारी नवी लावायची, तारीख घालून, सही करून. म्हणत, चूकही कुणीतरी जपून ठेवली पाहिजे. इथवर आलो. पुढचं वाक्य तयार होतं. समोर सर मान हलवत होते, खुशीत. खाली बसलो.
निघताना सर म्हणाले, "त्र्यंबक, गर्दीत मला नीट दिसली नाही रे. शनिवारी येतो, हातभिंग घेऊन. तोवर पेटीतच राहू दे."
स्टँडवर देवरेला सोडायला गेलो. कळवणची गाडी लागलेली. म्हटलं, "देवरे, ती आमरी..."
माझ्याकडे बघितलं. पिशवी खांद्यावर घेतली.
"तुना शंभर पुरा व्हयनात ना? मंग."
हसला. चढला. खिडकीतून हात.
म्हणजे त्याला सगळं आठवतंय. माझ्या चिठ्ठीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या त्यानं. मनात तसूभर काही नाही. इतकं मोठं मन मी पोथीत वाचलंय, इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पण त्यानं मनाला लावून घेतलं नाही म्हणून माझं फिटलं, असं नाही.

२२ नोव्हेंबर
दोनदा पेटीपाशी गेलो. दोन्ही वेळा काच पुसून परत आलो.
सरांचं काय होईल? सव्वीस वर्षं ज्याच्या नजरेचं कौतुक केलं...
सौ. काही विचारत नाही. चहा देते आणि थांबते थोडं.

२४ नोव्हेंबर
सकाळी पूजा आटोपून कॉलेजात. काचेची पेटी उघडली. चिठ्ठीचा कागद घरीच कापला होता. सरांनी शिकवल्याप्रमाणे काळी शाई, सुटं अक्षर:
संकलक: नथू दामू देवरे, कळवण. शेजारच्या चिठ्ठीवरील नाव खरे नाही. ते मीच लिहिले होते. त्र्यं. ना. डेर्ले, २४-११-१९८३.
जुन्या चिठ्ठीच्या उजवीकडे लावली. जुनीला हात लावला नाही. डिंक वाळेपर्यंत बोट ठेवून उभा होतो. पेटी बंद केली. किल्ली हेडक्लार्ककडे दिली. म्हटलं, सोमवारपर्यंत मागितली तरी मला देऊ नका. ते म्हणाले, "असं काय साहेब?" म्हटलं, असंच.
येताना देवरेला कार्ड टाकलं. चिठ्ठीवरचा मजकूर तसाच उतरवला, बाकी काही लिहिलं नाही.
सर परवा येतील.