तिसरी पुकार

भालकी, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

आज एस्तेरच्या लग्नाची तिसरी, शेवटची पुकार. कुणाची हरकत असली तर उभं राहून सांगा, असं पाळकसाहेब देवळात लग्न जाहीर करून म्हणतात. मी उभा राहणारच होतो. काय सांगणार होतो? तिनं तर मला केव्हाच नाही म्हटलंय. तरी राहणार होतो.

पुकारीच्या आधी कुणासाठी प्रार्थना हवी ते सांगायचं असतं. एस्तेरची आई, रूथमावशी उठली. बुधवारी हिलाच मी विहिरीवर, चार बायांपुढं, नको ते बोललो.

"बापा, आमच्या दानियलानं कॉलेज सोडलंय. लेकरू नीट जेवंना झालंय. त्याला धीर दे."

आधी वाटलं, टोमणा मारायली. पण आवाज कापत होता तिचा. पोरीचं लग्न तोंडावर आलंय आणि ही माझ्यासाठी मागायली! कामून?

मग पुकार झाली. शेजारून सॅमसननं कोपर मारलं, "ऊठ की रे मजनू!"

"गप बस."

बाक घट्ट धरून बसून राहिलो. भ्यालो का? न्हाई. उभं राहणं सोपं होतं. तो कापरा आवाज ऐकून बसून राहायला जो धीर लागला, तो माझा नव्हता. देवानंच दिला, दुसरं काय म्हणू?

संध्याकाळी घरी गुडघे टेकले. एस्तेरच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी, त्या उदगीरच्या मास्तरासाठी प्रार्थना केली. पहिली दात आवळून झाली. दुसरी जरा बरी.