शनिवारची अंडी

प्रिय आत्या,

तुझ्या स्मरणसभेत मी एक गोष्ट चुकीची सांगितली. तिथे बसलेल्या सगळ्यांना ती खरी वाटली, मलाही वाटली. आता खरं कळलंय, आणि ते चारचौघांत सांगण्याआधी तुला सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

मी म्हणाले होते, "आमची आत्या दर शनिवारी माझ्या हाती टोपली देऊन पाखाडीखालच्या एका गरीब विधवेला अंडी पोचवायची. कधी कुणाला बोलली नाही." नाव घेतलं नाही मी. पण आपली चर्चची मंडळी केवढीशी! पाखाडीच्या पायऱ्या उतरल्यावर विधवा राहते ती एकच, मार्थामावशी. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आणि मला वाटलं, किती छान बोलले मी!

पुढचे चार रविवार मावशीची जागा रिकामी होती. तिचे गुडघे दुखत असतील, असं मी स्वतःला सांगत राहिले. मला कुणी दुखावलंय असं नुसतं वाटलं तरी झोप लागत नाही, हे तुला माहीत आहे. तरी गेले नाही. भीती वाटत होती.

मग पाळकसाहेब म्हणाले, "शीबा, यंदा हंगामाच्या उपासनेत देण्याविषयी तूच बोल. ते अंड्यांचं पुन्हा सांग. लोकांचा हात सैल होतो, आणि संडे स्कूलचं गळकं छप्पर तर तू बघतेच आहेस." तेव्हा मात्र मी पाखाडी उतरले.

मावशी ओटीवर बसून खराट्यांसाठी झावळीचे हीर सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "काय गो, आता आलीस? मला भिकारीण करून मोकळी झालीस ती!"

"मावशी, मी तर चांगलंच..."

"चांगलं? तुझ्या आत्याची ती तांबडी कोंबडी लिलावात कोणी घेतलीन? मी! खराटे विकून वर्षभर पैसे साठवलेले. पाच जणींवर बोली चढवली. आणि मेली पोतंभर दाणे खाऊन एक अंडं देईल तर शपथ!"

आत्या, तुला त्या वर्षीची हंगामाची उपासना आठवते? नवं भात, नारळ, भोपळे, सगळं वेदीपुढे मांडलेलं, आणि उपासनेनंतर चर्चसाठी त्याच वस्तूंचा लिलाव, त्यात तुझ्या कोंबडीवर बोली चढत चाललेली. मी सात-आठ वर्षांची होते. अभिमानाने टाळ्या वाजवत होते. आणि तू खाली मान घालून बसली होतीस. मला वाटलं, केवढी नम्र आमची आत्या!

तुला माहीत होतं ना, ती अंडी द्यायची थांबली होती ते? चांगली कोंबडी घरी ठेवलीस आणि दिसायला तुरेबाज, पण निकामी ती देवाला दिलीस! मला शाळेत घालायच्या आधी आपल्या घरच्या ओटीवर नारळ मांडून तू गणित शिकवलंस. दहातला एक देवासाठी आधी बाजूला काढायचा, तोही चांगला बघून, मग उरलेल्या नवांचा विचार करायचा. मी कधी लहान नारळ काढला तर हातावर चापट मारायचीस. मग कोंबडीचं कधीच का नाही बोललीस माझ्याशी?

मावशीशी मात्र बोललीस. नाताळाच्या आधी एकटीच तिच्याकडे गेलीस आणि रडलीस म्हणे. "कोंबडी परत न्यायला आलेली," मावशी सांगत होती. "मी म्हटलं, बाय, ती केव्हाच रश्शात गेली! मग म्हणाली, वर्षभर अंडी पोचवते. वर्ष म्हणून बोलली नि मरेपर्यंत चालवलंन. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाय."

म्हणजे ती टोपली घेऊन मी दर शनिवारी धावायचे, ते दान नव्हतंच! तू तुझं देणं फेडत होतीस. आणि मी ज्या बाईला गरीब म्हटलं, ती आपल्या मंडळीतली सगळ्यात मोठी बोली लावणारी निघाली.

खरं सांगू? मला आधी लाज वाटली, पण मग हायसं वाटलं. देताना माझाही हात अडतो. नोट टाकताना मी आधी फाटकी शोधते, आणि मग रात्रभर त्याचाच विचार करते. मला वाटायचं, तुझ्यासारखं होणं मला जमणार नाही. आता वाटतं, चूक भरून काढायला तरी जमेल.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आत्यांचं नाव खराब होईल, शीबा. आणि छपराचं काय?" स्वयंपाकघरातून पाळकबाई म्हणाल्या, "सांगू दे तिला. आपणही वेदीपुढे ठेवायला काकड्या काढतो तेव्हा वाकड्याच आधी हाताला लागतात ना?" साहेब हसले. त्यांच्या त्या हसण्याने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मावशी काही अशी सहज येणार नाही. "ये म्हणालीस म्हणून नाय येणार," तिने बजावलंय. "खरं सांगशील त्या दिवशी येईन. नि कोंबडी केवढ्याला घेतली ते नको सांगू हां! घरच्यांना मी कमी सांगितलेली."

आत्या, रागावशील का? मला नाही वाटत. ज्या बाईने इतकी वर्षं एक शनिवार चुकवला नाही, तिला खऱ्याची भीती नसणार.

म्हणून तुला वचन देते. मावशीला गरीब म्हटलं ते सगळ्यांसमोर परत घेईन. तिने काय साठवून काय दिलं ते सांगेन. तुझी लबाडी लपवणार नाही, आणि तू ती कशी निस्तरलीस तेही गाळणार नाही. आवाज कापला तर कापू दे. परवा, रविवारी, हंगामाच्या उपासनेत, लिलाव सुरू व्हायच्या आधी.

तुझीच,
शीबा