बसवण्याआधी काढा

२ मार्च

आलो एकदाचा! दुकान बंद पडल्यापासून दोन महिने घरात माशा मारत बसलो होतो. शेवटी ताईने फोनवर दम दिला की बॅग भर आणि नीघ, नवीन काम मिळेपर्यंत इथेच राहा. वरच्या मजल्यावरची खोली दिलीय. निळा पडदा, मोठं टेबल, ही वही लिहायला ऐसपैस जागा. भिंतीपलीकडे भाचीची खोली. एकोणीस वर्षांची घोडी झालीय, तरी घरात अजून चिमणीच म्हणतात.

तिचा गेमिंगचा कॉम्प्युटर बघून डोळे दिपले. काचेची पेटी, आत पाच पंखे, रंगीत दिवे. दोन वर्षं शिकवण्या घेऊन स्वतःच्या कमाईतून घेतलाय पोरीने. महिनाअखेरीला मोठी स्पर्धा आहे, जिंकली तर एका नावाजलेल्या संघात जागा. भाऊजींना ही सगळी थेरं वाटतात. त्यांनी बजावून ठेवलंय की एकदा जरी हे धूड बिघडलं तर थेट घराबाहेर, आणि स्पर्धाही बंद.

जेवताना ताईने कौतुकाने सांगितलं की मामा दुकानात कॉम्प्युटरचा इंजिनिअर होता. मी आणखी एक पोळी वाढून घेतली. खरं म्हणजे मी काउंटरवर उभा राहून माऊस आणि कीबोर्ड विकायचो. पण चार वर्षं सगळ्या नातेवाइकांत बढाया मारल्यात, आता कुठल्या तोंडाने सांगू?

५ मार्च

कॉम्प्युटर फार तापतो म्हणून चिमणीने मलाच गळ घातली. खेळताना आकडा नव्वदीला टेकतो आणि चित्र अडकतं म्हणे. मी बाह्या सरसावल्या. पेटी भिंतीला चिकटवून ठेवली होती, ती हातभर पुढे ओढली, म्हणजे मागून गरम हवा बाहेर पडेल. जाळ्या धुतल्या. धूळ एवढी, की एक उशी भरली असती. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रश फिरवला. दुकानातल्या मिस्त्रीला हे सगळं करताना रोज बघायचो, तेवढं कामी आलं.

चिमणी शेजारी बसून एकेक स्क्रू बशीत मांडत होती आणि मला इंजिनिअर मामा म्हणत होती. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. नवीन मोठा कूलर मागवायचं ठरलं.

८ मार्च

कूलर आला. प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूवर, हा तांब्याच्या तळाचा ठोकळा बसतो आणि त्याची उष्णता ओढून घेतो. मध्ये वाटाण्याएवढी पेस्ट लावायची. ठोकळ्याच्या माथ्यावर तापमानाचा आकडा दिसतो, हे चिमणीला भारीच आवडलं. ती सोबतचं माहितीपत्रक वाचायला लागली, तर मी हसून सांगितलं की असली कामं आपण डोळे मिटून करतो. पत्रकावर चहाचा कप ठेवला. पाऊण तासात काम फत्ते. चिमणीने टाळी दिली.

१० मार्च

भर दुपारी, सरावाचा सामना रंगात असताना, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. माथ्यावरचा शेवटचा आकडा १०१. प्लॅस्टिक जळल्याचा वास.

भाऊजी वर आले. माझ्याकडे वळून म्हणाले, बोला इंजिनिअरसाहेब, काय झालं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं की चिमणीने वेग वाढवायला काहीतरी सेटिंग बदललं असणार.

तिने कशाला हात लावला नव्हता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली मान घालून म्हणाली की मामा म्हणतोय तर झालं असेल माझ्याच हातून. भाऊजींनी वायर उपटून खिशात घातली. रविवारी पेटी भंगारात जाणार.

लाज वाटते. जेवण गेलं नाही.

११ मार्च

बाहेर टाकायला म्हणून कूलरचं खोकं उचललं. आत ते पत्रक, त्यावर माझ्या कपाचा गोल डाग. डागाच्या बरोबर मध्ये पहिलंच चित्र: तांब्याच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर लाल अक्षरं. बसवण्याआधी काढा.

मी काढली नव्हती. म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचलीच नाही, आतल्या आत कोंडली. एवढीशी चकती! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली जाऊन सांगून टाकावं म्हणून जिना उतरलो. चिमणी कोचावर झोपली होती, ताई कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. सकाळपासून ताप आहे म्हणाली, १०१. मनात म्हटलं, आत्ता नको.

१३ मार्च

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. रक्त तपासलं, सगळं ठीक. पण पोरीला घामच येत नाहीये. अंगातली उष्णता बाहेरच पडत नाही, असं कधी पाहिलं नाही म्हणाल्या. आज १०२.

घड्या बदलताना तिच्या दंडाला हात लागला. गुळगुळीत. बरणीच्या तोंडावर ताणून बांधलेल्या प्लॅस्टिकसारखा.

वर आलो तर भिंतीपलीकडून पंख्यांची घरघर. चिमणीच्या खोलीत जाऊन पाहिलं. वायर भाऊजींच्या खिशात आहे. पेटीची काच हाताला चटका बसेल इतकी गरम, आणि आत कूलरच्या माथ्यावर आकडा, १०२. यंत्राचं माप वेगळं, माणसाचं वेगळं. आकडा मात्र तोच.

१४ मार्च

आज धीर केला. चिमणीच्या काखेत थर्मामीटर होतं. मी ताईला म्हटलं की चिमणीची काही चूक नव्हती. एवढंच बोललो, तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. १०३ चा १०२, मग १०१. तिच्या ओठावर घामाचा थेंब आला! ताई रडायचीच बाकी होती. तिने मला विचारलं की मग चूक कोणाची.

चहा टाकू का, असं मी म्हणालो.

घाम सुकला. १०४.

कळलं मला. सगळं कळलं. आणि तरी मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. थू माझ्या जिंदगानीवर.

१५ मार्च, सकाळ

न सांगताच उपाय होतो का बघावा म्हणून पेटी उघडली. (इतका भेकड आहे मी.) कूलर उपसला. चकती होती. सोलून काढली.

खाली आणखी एक. लाल अक्षरं. सोलली. खाली आणखी — सात काढल्या. सातवी मऊ होती, कोमट. तिच्यावर रेषा होत्या, तळहातावर असतात तशा. तिच्याखाली पुन्हा —

कूलर तसाच ठेवून पळालो.

१५ मार्च, दुपार

१०५. गाडी बोलावलीय, चिमणीला दवाखान्यात हलवतायत. शुद्धीत नाही. मघाशी बरळली, मामा रागावू नको, मी सेटिंग नीट करते — मलाच सॉरी म्हणतेय पोर.

आता सांगतो. भाऊजींसमोर, सगळ्यांसमोर. जातो खाली.

तीन वाजता

गेलो. उभा राहिलो ताईपुढे. तोंड उघडेना. ओठांवर काहीतरी ताणलेलं — दिसत नाही — नखं लावली तरी कड सापडत नाही. ताईला वाटलं रडतोय. पाठीवरून हात फिरवला माझ्या. माझ्या!

आरशात पाहिलं. ओठांवर लाल अक्षरं. उलटी.

गाडी आली. वही आहे अजून. लिहून ताईच्या हातात देतो. दोन ओळी पुरे —

ताई, चिमणीने काही केलं नाही. इंजिनिअर वगैरे सगळं झूट. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं, आणि वर तिच्यावर ढकललं. हे ज्याने केलं तो —

पेन घसरतंय. कागद गुळगुळीत — शाई धरत नाही — ताई जिन्यातून हाक मारतेय, आलो गं — एकच शब्द राहिलाय, एकच — हे ज्याने केलं तो

तो