गोमाजीच्या नावाचे चांदीचे ताट

मी, यादोराव गोमाजी बांते, राहणार शहापूर, तालुका व जिल्हा भंडारा, शिक्षण मराठी चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. छाती धडधडते, पण ती तरुणपणापासूनच धडधडते. त्यावरून कोणी हे लिखाण खोटे ठरवू नये. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. पुतण्या टेकचंद रोज येऊन ओट्यावर बसतो, त्याला जबरदस्ती म्हणावे की नाही हे मला ठरवता येत नाही.

पहिले, घर आणि शेत, म्हणजे धानाची एक बांधी. माझी एकुलती मुलगी चंद्रभागाबाई सासर सोडून माझ्याजवळ राहते. माझ्यामागे दोन्ही तिचे. धाकटा भाऊ तेजराम, म्हणजे टेकचंदचा बाप, याच्याशी वाटणी झाली तेव्हा हे माझ्याकडे आले. यावर टेकचंद काही बोलत नाही, कारण घर गळते आणि बांधीला पाणी सर्वांच्या शेवटी मिळते.

शेजारी कृष्णराव यांनी माझी शिडी नेलेली आहे. ती परत मागू नये, पण त्यांना अधूनमधून आठवण द्यावी.

आता चांदी. एक ताट, एक वाटी. हीच माझी काळजी.

दोन्ही मी स्वतः घेतली. वाटणीनंतर मी साकोलीकडच्या जंगलात तेंदूपाने गोळा होतात त्या फडीवर पानांचे पुडे मोजायला जात असे. त्या कमाईतून भंडाऱ्याच्या सराफाकडून घेतली, चंद्रभागेच्या लग्नात जावयाला वाढायला. जावई त्यात दोनदा जेवला आणि नंतर काय झाले ते गावाला माहीत आहे. मी पुन्हा फडीवर गेलो असता भांड्यांवर नावे घालणारा दारावर आला. दारात माझी बायको रुखमा होती. त्याने विचारले, कोणाचे नाव घालू? आमच्यात बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, सासऱ्याचेही नाही. घरात दुसरे कोणी नव्हते. तिने माझ्या वडिलांचा पाण्याचा जुना पितळी गुंड पुढे सरकवला आणि म्हणाली, "येच्यावर हाय तेच घाल." त्या भल्या माणसाने ताटावर आणि वाटीवर ठोक्याला ठोका उतरवला: गोमाजी बांते, सन १९०१.

मी आल्यावर कपाळाला हात लावला. "काहून वं, हे काय करून ठेवलंस?"

"मंग काय तुमचं नाव घेऊ? त्या परक्या माणसापुढं?"

आज रुखमा नाही. गुंड फुटला, मोडीत गेला. सराफाची पावती वाळवीने खाल्ली. राहिले ते नाव आणि ते साल. टेकचंद म्हणतो, ताट आजाचे, वडिलार्जित, निम्मे माझे; काकाजीला ते पोरीच्या नावे करताच येत नाही.

मी त्याला वाटी उलटी करून दाखवली. तिच्या बुडाला रुपया जडवलेला आहे, त्यावर बिनदाढीचा राजा, अलीकडचा. एकोणीसशे एकला तर राणीचा रुपया चालत होता. टेकचंद हसला. "वाटी तुमची, काकाजी. ताट आजाचं. वाटी ठेवा, दूध पीत जा."

मी म्हटले, "ताट तवा असतं, त वाटणीत निघालं नसतं का?"

"तुम्ही लपवलं असन."

केवळराम सोनाराने ताट निरखले. काठाजवळ बोट फिरवून म्हणाला, हा पत्रा यंत्रात लाटलेला आहे. जुन्या ताटाला हातोडीचे ठोके बोटाला लागतात, याला लागत नाहीत. पण हे कचेरीत सांगशील का विचारले, तर म्हणाला, "नाव काय ते वाचतीन, बुढ्या. माझं बोट कोण वाचते?" त्याने कानस काढली. नाव घासून टाकायला वेळ लागणार नव्हता. मी त्याचे मनगट धरले. बापाच्या नावावर कानस कशी फिरवू? टेकचंदला हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच तो ओट्यावरून ओरडतो, "खोडा ना काकाजी! मी कायले अडवतो?"

तरी असे लिहितो: मी गेल्यावर चंद्रभागाबाईने नाव घासून घ्यावे व ताट ठेवावे. पाप माझे.

येथपर्यंत तीन दिवसांपूर्वी लिहिले. चंद्रभागेला वाचून दाखवले. ती चुलीपासून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमच्यानं होत नाही ते मी करू? ठेवा तुमचं ताट." तेव्हा वरचे वाक्य रद्द.

दोन रात्री झोप नाही. मग ध्यानात आले. बापाचे नाव खोडता येत नाही, पण बापाला अग्नी देता येतो. थोरला म्हणून मीच दिला होता.

काल केवळरामच्या भट्टीवर गेलो. ताट मुशीत मावेना, कातरावे लागले. नावावरून कातर चालवू दिली नाही. नावाचा तुकडा अख्खा ठेवला आणि तो मी स्वतः चिमट्याने मुशीत सोडला. अक्षरे थोडा वेळ दिसली. टेकचंद धावत आला. "काकाजी, पुरावा जाळून राहिले तुम्ही!" मी म्हटले, "तुझ्या आजाले जाळलं, आता कोणावर दावा करतोस?" म्हणालो खरा, पण टेकचंद गप्प बसणारा नाही. तो अजूनही काही करेल.

त्या चांदीचे केवळरामने हातातले भरीव गोट केले व मी जिवंतपणी चंद्रभागेच्या हातात घातले. तेव्हा ताट या मृत्युपत्रात नाही. मी तिला बजावले, काढायचे नाहीत, न्हातानाही नाही, निजतानाही नाही. बाईच्या अंगावरचे कोणी मागत नाही.

तिने हात पुढे करून पाहिले. "बाबा, हे त बेड्याच झाल्या."

त्याचे उत्तर आज लिहितो. ते गोट तिने घालावे, काढावे, मोडावे, विकून कुठे जायचे तर जावे. घराला कुलूप लावावे, न लावावे. ती कुठे गेली हे टेकचंदने विचारू नये. मी जिवंत असलो तर मीही विचारणार नाही.

वाटी मला राहू द्यावी. मी त्यात दूध पितो.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

यादोराव गोमाजी बांते

साक्षीदार:
१. केवळराम सोनार, शहापूर. ताट माझ्यासमोर वितळले.
२. कृष्णराव, शेजारी. शिडी उद्या आणून देतो.

मुक्काम शहापूर, ता. १४ मे १९७९