एका श्वासाची तान

॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
८ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. शरयूस,

बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. उज्जैनला सर्व खुशाल असल्याचे वाचून बरे वाटले. इकडेही ठीक. तुझा भाऊ मधू मात्र दिवसेंदिवस म्हातारीसारखा वागू लागला आहे. संध्याकाळी गायनवर्गाला जाताना मला टांग्यात बसवतो. दत्ताचे देऊळ काय काशीला आहे? देव त्याला गळा द्यायला विसरला आणि ती भरपाई काळजीने केली.

बातमी अशी की, फुकट गाणे शिकवणाऱ्या वर्गांना दरबारचे शिक्षणखाते सालीना मदत देणार आहे. देवळाचे पंच मानसिंगराव आता वर्ग भरतो त्या ओसरीचे भाडे मागतात. न दिल्यास संक्रांतीपासून ती सराफ्यातल्या एका व्यापाऱ्याला माल ठेवायला जाईल. माझ्या पेन्शनीत दिवाबत्ती आणि तंबोऱ्याच्या तारा निघतात, भाडे निघत नाही. पोरे टांगेवाल्यांची आणि शिपायांची, त्यांच्याकडे काय मागणार? मदत मिळाली तर वर्ग राहील, नाहीतर उठेल. पुढल्या महिन्यात खात्याचे जयसिंहराव तपासणीला येणार आहेत. पोरांकडून कोणती चीज म्हणवून घ्यावी, तुझे मत कळव.

जावईबापूंस आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंस नमस्कार. लोभ आहेच, पत्राला आळस करू नये.

तुझा,
बाबा

॥ श्री ॥
उज्जैन
१५ नोव्हेंबर १९३६

ती. बाबांच्या चरणी,

शरयूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून इतका आनंद झाला की मी ते सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांना मोहल्ल्यातली पोरे गोळा करायची हौस आहे, तर दरबारने त्यांना पोरांचा सुभेदारच करावे.

चीज विचारता, तर आपली केदारातली म्हणवा. शेवटची लांब तान एका श्वासात घेतल्याशिवाय तुम्ही आम्हाला घरी सोडत नव्हता. मी रडत रडत शिकले, पण आज पीठ मळतानासुद्धा ती सलग येते. जयसिंहरावांनी ती ऐकली की शिफारस ठरलेली समजा.

मधूदादाला रागावू नका. टांग्यातून जाण्यात कमीपणा कसला? प्रकृतीस जपावे, मुलीवर माया असावी.

आपली,
शरयू

॥ श्री ॥
लष्कर
१० डिसेंबर १९३६

चि. सौ. शरयूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तपासणी झाली आणि फजिती झाली. पोरांनी केदार सुरेख उचलला. जयसिंहराव मान डोलावत होते. शेवटच्या तानेला मात्र सगळी पोरे मध्येच तुटली, श्वास घेतला आणि पुढे गेली. एकेकाला म्हणायला लावले, तरी तेच. जयसिंहरावांनी मला बाजूला घेऊन विचारले की, मास्टरसाहेब, चूक ज्याची त्याची वेगळी असते, इथे सगळ्यांची एकाच जागी कशी? मी म्हणालो, हल्लीची पोरे दमाची नाहीत, चहा पितात. ते हसले, पण शिफारस लिहिली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा येतो म्हणाले.

मी पोरांवर खूप रागावलो. रोज तीच तान पन्नास वेळा म्हणून दाखवतो आहे, तरी ती तिथेच अडतात. शिकवूनही येत नसेल तर दोष कुणाचा? मानसिंगरावांनी त्या व्यापाऱ्याला ओसरी दाखवलीसुद्धा. मन उदास आहे, तरी तू काळजी करू नये.

तुझा,
बाबा

॥ श्री ॥
उज्जैन
१४ डिसेंबर १९३६

ती. बाबांस,

शरयूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचे पत्र वाचले आणि हातातले काम तसेच राहिले. लहान तोंडी मोठा घास घेते, रागावा, पण पूर्ण वाचा.

मुले चुकत नाहीत, बाबा. तुम्ही गाता तशीच ती गातात. माझ्या वेळी त्या जागी कोणी थांबत नव्हते, कारण तुम्ही थांबत नव्हता. तुम्ही पन्नास वेळा म्हणून दाखवले, तितक्या वेळा त्यांनी तुमचा तुटलेला श्वास पाठ केला. मधूदादा टांगा का आणतो, ते मला आता कळले. दम कधीपासून लागतो? वैद्यांना दाखवले का? मला का नाही सांगितले? मी इथे खुशाल पापड लाटत बसले, याचे मला फार वाईट वाटते.

मी येते. पोरांना मी शिकवीन. इकडची परवानगी आहे आणि सासूबाईंनीच माझी कपड्यांची पेटी काढून ठेवली आहे. वडिलांचे दुखणे पत्राने बरे होत नाही, असे त्या म्हणाल्या. तुम्ही फक्त हो म्हणावे, एवढा हट्ट पुरवावा.

आपली,
शरयू

॥ श्री ॥
लष्कर
२२ डिसेंबर १९३६

चि. सौ. शरयूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र वाचून मला राग आला. बापाला शिकवतेस म्हणून दोन दिवस धुसफुसत होतो. बाईमाणसाने देवळात वर्ग घ्यायचा, मानसिंगराव काय म्हणतील, खाते काय म्हणेल, अशी सगळी कारणे शोधून झाली.

तिसऱ्या दिवशी वर्गात मी तोंड मिटून बसलो आणि पोरांना म्हणायला सांगितले. आजवर मी त्यांच्याबरोबर गात होतो, म्हणून मला ऐकू येत नव्हते. त्या जागी आली आणि सगळी थांबली. शरयू, मला त्या लेकरांच्या गळ्यातून माझा दमा ऐकू आला. मी विनाकारण त्यांना बोललो, म्हणून डोळ्यांत पाणी आले.

दम दसऱ्यापासून लागतो. वैद्यांचा काढा चालू आहे. मास्तर आजारी म्हटले तर मदत जाईल, या भीतीने लपवले. काल स्वतः जयसिंहरावांकडे जाऊन सगळे सांगितले. शिकवणार कोण, असे त्यांनी विचारले. माझी मुलगी, म्हणालो. मदत वर्गाला आहे, मास्तर बाई की बुवा हे नियमात नाही, असे ते म्हणाले. संक्रांतीच्या आधी तुझे शिकवणे पाहून ते लिहितील. तोवर मानसिंगराव थांबायला तयार आहेत.

तेव्हा ये. मधू स्टेशनवर येईल. जावईबापूंस वेगळे पत्र टाकले आहे.

एकच सांगतो. मी मागे भिंतीशी बसेन. तू तान म्हणायला लागलीस की मला राहवणार नाही, सवयीने मीही सुरू करीन. तेव्हा बाप म्हणून भीड धरू नकोस. सगळ्या पोरांदेखत मला गप्प कर.

वाट पाहणारा,
बाबा