मागची सीट

दि. ९ मार्च, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. उजव्या हाताचं एक बोट सुजलंय, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. पत्र दुकानातल्या शिवणकाकांच्या हाती पाठवतोय. त्यांनी आज एकाही कव्हरला टाका घातलेला नाही, नुसते मशीनपाशी बसून आहेत. हवालदार बाहेर बाकावर चहा पितायत. त्यांच्या गाडीची सीट मीच बांधलेली, म्हणून पत्र पुरं करायला वेळ दिलाय. "पळू नकोस बाबा, माझे गुडघे दुखतात," म्हणाले.

दाजी दवाखान्यात आहेत. जिवाला धोका नाही. उजवा हात मनगटात मोडलाय, गुडघ्याची वाटी फुटलीय आणि पुढचे दोन दात अजून माझ्या दुकानात कुठेतरी पडलेत. हे मी केलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं.

सकाळी ते मोटरसायकल घेऊन आले. म्हणाले, "तुझ्या ताईची कुरकुर संपत नाही. मागची सीट आणखी मऊ कर." मला हसूच आलं. गेल्या तीन महिन्यांत चौथ्यांदा! आधी मी जाड फोम टाकला, मग जेलची गादी बसवली, मग मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले. त्या सीटवर दुधाचं भांडं ठेवलं असतं तरी सांडलं नसतं.

मी कव्हर उसवलं. ताई, वीस वर्षं मी सीटा बांधतोय. माणूस कसा बसतो ते फोम सांगतो. त्यांची जागा मधोमध दबलेली होती. तुझी जागा अगदी नवी कोरी, फक्त डावीकडची मागची कड चेपून पापडासारखी झालेली. म्हणजे तू एका कुल्ल्यावर, त्यांच्यापासून लांब सरकून, कडीला धरून बसत होतीस.

मी विचारलं, "ताई उजवीकडे टेकतच नाही का?"

"टेकेल कशी?" ते हसले. "परवा माझ्या हातून जरा जास्तच पडली तिला. त्या बाजूला दुप्पट माल भर, म्हणजे रस्त्यात बोंब नको."

माझ्या हातात जुना शॉकअप होता. पहिला फटका कधी बसला ते मला कळलंही नाही. पण ताई, पुढचे तीन मी मोजून मारले. तो खाली पडला होता, हात जोडत होता. ज्या हाताने मारतो तो हात मी आधी पाहिला आणि मग त्याच हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. ते कोर्टात सांगणार नाही, तुला सांगतोय. शिवणकाकांनी मागून कवटाळून धरलं नसतं तर आज वेगळं पत्र लिहावं लागलं असतं.

वर मी लिहिलं की हसू आलं, फोमवरून कळलं. ते खरं नाही. मला आधीच माहीत होतं.

शॉकअप बसवताना स्प्रिंग किती कसायची म्हणून मी तुला वजनकाट्यावर उभं केलं होतं. लग्नात अठ्ठावन्न होतीस, त्या दिवशी शेहेचाळीस. "बारीक झालीस, छान!" असं म्हणालो आणि स्प्रिंग दोन खाचा सैल केली. तेव्हा तू हळूच म्हणालीस, "रस्त्याने नाही रे दुखत."

मी ऐकलं होतं, ताई. स्पष्ट ऐकलं होतं. आणि मी कॉम्प्रेसर सुरू केला. ऐकलं असं दाखवलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, आणि त्याच्याशी वाकडं घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती. मग तुला पुन्हा त्याच्या मागे बसवलं आणि वर विचारलं, "आता कसं वाटतंय?" तू म्हणालीस, "छान." त्या एका शब्दाची मला लाज वाटते.

आता तो तुझ्याकडून वदवून घेईल की तू गाडीवरून पडलीस, धाकट्याची सीट सरकली. तसं म्हणू नकोस. माझी सीट सरकत नाही. मला व्हायची ती शिक्षा होऊ दे, पण तुझ्या अंगावरच्या माराचं खापर रस्त्यावर फोडू नकोस. त्याच्या उशाशी जाऊन बसू नकोस.

सोबत माझ्या खोलीची किल्ली आहे. माझी गाडी काका तुझ्या दारात आणून लावतील. मला गाडी शिकवताना तू मागून धावायचीस, आठवतं? तुला चालवता येते, विसरली नसशील. हवालदार येईपर्यंत मी तिची मागची सीट आणि पायटेकणी काढून टाकली आहेत. स्प्रिंग शेहेचाळीसवर लावली आहे. ती आज ना उद्या कसावी लागेल, एवढी जेव.

हवालदार उठले. माझ्यासाठी येऊ नकोस. फक्त पुढे बस आणि नीघ.

तुला तीनदा मऊ गादीवर बसवून परत पाठवणारा,
तुझा धाकटा