पहिला बंद कंस

८ सप्टेंबर, सोमवार

परत पाठांचं शेपूट कापलं! रिसोडच्या आमच्या कम्प्युटर क्लासचे जुने पाठ नव्या साइटवर चढवून राह्यली. त्यातली कोडची उदाहरणं वेचायचा शोध-नमुना, म्हणजे रेजेक्स, माझा — एकाच ओळीचा! महिरपी कंस उघडला की उचल, बंद झाला की थांब.

माझ्या पाठांत एक अक्षर हललं नाही. सुकेशनीचे सात पाठ मात्र अर्धेच आले. सातही तिचेच! काहून? क्लासचे मालक दौलतराव सर दिवाळीनंतर आम्हा दोघी शिकवणाऱ्यांपैकी एकीलेच ठेवणार हायेत. मी काही दूधखुळी नाही.

९ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या स्क्रीनकडे पाहून राह्यली होती. "यूसरा, तुया रेजेक्स आतले कंस मोजते का वं?" म्हणे. तुले काय करायचं? कुठंतरी पाणी मुरते!

११ सप्टेंबर

साइटचा पासवर्ड बदलला. तरी कापलं! म्हणजे नवा पासवर्डही चोरला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सरले सांगून टाकलं — सुकेशनी मुद्दाम आपलेच पाठ बिघडवते, माझं नाव खराब व्हावं म्हणून. सरनं तिले आत बोलावलं. बाहेर आली तं डोळे लाल. तिच्या गावची, रिठदची जीप पकडायला निघाली, जाता जाता म्हणे, "एकडाव मले तरी इचारायचं होतं." नाटकं!

घरी अम्मीले सांगतलं. म्हणे, "वहम का इलाज तो हकीम लुकमान के पास भी नहीं." संशयाले औषध नाही म्हणे! अम्मीले क्लासमधलं काय समजते?

१३ सप्टेंबर

सर सकाळीच म्हणाले, "तिला काढलंय, जागा तुझीच. फक्त पुरावा लिहून दे."

तिचे पाठ छापले. जिथं कापलं तिथं लाल पेनानं खूण करत गेली. पहिली खूण पहिल्याच बंद कंसावर. दुसरी बी. सातही!

तिची सवयच तशी, उदाहरणात उदाहरण. "आतलं समजलं की बाहेरचं आपोआप समजते," म्हणते पोराईले. माझी उदाहरणं सपाट, एकाच कंसातली. तपासलं बी मी फक्त आपल्याच पाठांवर! तिच्या पाठात आतला कंस बंद झाला की माझा रेजेक्स समजे, झालं सारं, चला घरी. बाहेरचा उघडाच!

कोणी काही कापलं नव्हतं. मीच कापत होती. अन् तिनं मंगळवारीच इचारलं होतं मले! लाज वाटते. लई वाटते.

सांगतलं नाही तं कोणाले कळणार बी नाही.

१४ सप्टेंबर

सुकेशनीले तीनदा फोन लावला. उचलला नाही. मी असती तं मी बी नसता उचलला.

१५ सप्टेंबर, सोमवार

सरले सारं सांगतलं. सर म्हणाले, जागा तिचीच. उद्यापासून सुकेशनी येते. मी नाही.